पॉड परत उभा राहतो, लेख परत येत नाहीत

वाचकांचे प्रश्न : स्वतःचा ब्लॉग, स्वतःचा क्लस्टर

या वेळच्या टपालातली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. स्वतःचा ब्लॉग स्वतःच्या कुबरनेटीज क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनच्या गटावर, चालवायचा आहे, कुणी चढवलाय, कुणी चढवताना अडकलंय. मी स्वतः तीन छोट्या मशीनवर के३एस, म्हणजे कुबरनेटीजची हलकी आवृत्ती, बसवून माझा ब्लॉग चालवते. एक मशीन सर्व्हर, दोन एजंट, प्रत्येकात ४ जीबी मेमरी. सहा वर्षं झाली. उत्तरं त्यातूनच आली आहेत, म्हणून उदाहरणं घोस्ट या ब्लॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची आहेत. तुमच्याकडे वर्डप्रेस असेल तर फाइलींची ठिकाणं वेगळी असतील, दुखणी हीच असतील.

ताई, माझा एकच ब्लॉग आहे. आठवड्याला एक लेख, वाचक शेकड्यांत. मित्र म्हणतो कुबरनेटीजवर टाक. खरंच गरज आहे का?

गरज नाही. हे आधी स्पष्ट सांगते, कारण अर्ध्या लोकांचा त्रास इथेच वाचेल.

गूगलमध्ये हजारो मशीनवर असंख्य कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेले प्रोग्रॅम, सांभाळणारी बोर्ग नावाची आतली व्यवस्था होती. त्या अनुभवातून कुबरनेटीज तयार झालं, २०१४ मध्ये खुलं झालं आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. कुठला कंटेनर कुठल्या मशीनवर बसवायचा, मशीन मेलं तर तो दुसरीकडे कसा उभा करायचा, हे त्याचं मूळ काम. त्याच्या भाषेत मशीन म्हणजे नोड, आणि एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा छोटा गट म्हणजे पॉड. तुमच्या ब्लॉगला एक मशीन पुरतं. एका मशीनवर डॉकर कंपोज या कंटेनर चालवणाऱ्या साधनाची एक फाइल, त्यात ब्लॉग आणि डेटाबेस, रोज रात्री बॅकअप, एवढ्यात वर्षानुवर्षं निभतं.

तरीही मी क्लस्टरवर चालवते, आणि तुम्ही शिकण्यासाठी करणार असाल तर जरूर करा. शिकायला ब्लॉगइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलं नाही. वेब प्रक्रिया आहे, डेटाबेस आहे, फाइली आहेत, पासवर्ड आहेत, सर्टिफिकेट आहे, बाहेरून आत येणारी वाट आहे. क्लस्टरमधली जवळजवळ प्रत्येक वस्तू एकदा तरी हाताळावी लागते. आणि ब्लॉग तुमचा असल्यामुळे तो पडला की तुम्हाला मनापासून वाईट वाटतं. सरावासाठी घेतलेल्या खोट्या उदाहरणाबद्दल तसं वाटत नाही.

माझी अट एकच. बॅकअपवरून ब्लॉग एकदा कोऱ्या जागी पुन्हा उभा करून पाहिल्याशिवाय तुमच्या लेखांची एकमेव प्रत क्लस्टरवर ठेवू नका.

घोस्ट चढवला, दोन महिने छान चालला. परवा एका नोडवर अपडेट करायचं म्हणून तो ड्रेन केला, म्हणजे त्यावरचे पॉड हटवले. पॉड दुसऱ्या नोडवर गेला, "रनिंग" दाखवतोय, सगळे लेख आहेत. पण एकही फोटो दिसत नाही. दोन महिन्यांचे फोटो होते. कुठे चुकलं, आणि काही परत मिळेल का?

तुमच्या पत्रासोबतची यामल फाइल, म्हणजे क्लस्टरला काय हवंय ते लिहिलेली फाइल, पाहिली. मायएसक्यूएल या डेटाबेसला पीव्हीसी, म्हणजे कायमस्वरूपी जागेची मागणी, जोडलेली आहे. घोस्टला नाही. त्यामुळे लेख डेटाबेससोबत टिकले आणि फोटो कंटेनरच्या आतल्या, वरवरच्या थरात लिहिले गेले. कंटेनर संपला की तो थरही संपतो. याला बिघाड म्हणता येत नाही, कंटेनरची रचनाच तशी आहे. पॉड कधीही टाकून देता यावा आणि नवा उभा करता यावा, यावरच सगळी व्यवस्था उभी आहे.

आधी परत मिळण्याबद्दल बोलू, कारण तुमचा जीव त्यात अडकलाय. जुन्या नोडवर शोधत बसू नका. पॉड हटला की क्युबलेट (प्रत्येक नोडवर कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीजचं अंग) त्याचे कंटेनरही साफ करतं. पण एक चांगली गोष्ट आहे. घोस्ट फोटो वर्ष आणि महिना अशा फोल्डरांत ठेवतो, कंटेंटच्या खाली इमेजेस, त्याखाली वर्ष, त्याखाली महिना. आणि हा पूर्ण पत्ता, फाइलीच्या नावासकट, प्रत्येक लेखाच्या मजकुरात डेटाबेसमध्ये लिहिलेला असतो. तुमचा डेटाबेस शाबूत आहे. तेव्हा पोस्ट्सच्या तक्त्यातून ते सगळे पत्ते काढून यादी करा. मग कॅमेऱ्यात, फोनमध्ये, जुन्या लॅपटॉपवर जे मूळ फोटो असतील त्यांना तीच नावं देऊन त्याच वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत ठेवा. लेखांना हातही लावावा लागत नाही, फोटो आपोआप दिसायला लागतात. वेळखाऊ काम आहे, पण मी हे केलंय आणि ते जमतं.

पण यादी करायच्या आधी पीव्हीसी जोडा, नाहीतर जमवलेले फोटो पुन्हा त्याच वाटेने जातील. डॉकरच्या अधिकृत घोस्ट इमेजमध्ये, म्हणजे ज्यावरून कंटेनर उभा राहतो त्या तयार साच्यात, ही जागा /व्हार/लिब/घोस्ट/कंटेंट आहे. थीमही तिथेच राहतात, म्हणून फक्त इमेजेसचं फोल्डर न जोडता पूर्ण कंटेंट जोडा.

पीव्हीसी जोडलीत की पुढची अडचण तुमची वाट बघत असेल, ती आत्ताच सांगते. बहुतेक साठवण रीडराइटवन्स प्रकारची असते, म्हणजे ती एका वेळी एकाच नोडला जोडता येते. डिप्लॉयमेंटची, म्हणजे पॉड उभे करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेची, नेहमीची रीत मात्र आधी नवा पॉड उभा करायचा आणि मग जुना काढायचा, अशी आहे. नवा पॉड दुसऱ्या नोडवर गेला तर डिस्क जुन्याने धरून ठेवलेली असते. नवा "कंटेनरक्रिएटिंग"मध्ये ताटकळत राहतो, आणि नवा तयार होत नाही म्हणून जुना हटत नाही. दोघेही एकमेकांसाठी थांबलेले. पॉडवर डिस्क्राइब ही आज्ञा चालवलीत तर खाली मल्टी-अटॅचची तक्रार दिसेल. उपाय एका ओळीचा आहे: डिप्लॉयमेंटच्या स्ट्रॅटेजीत रिक्रिएट लिहा. आधी जुना जाईल, मग नवा येईल. ब्लॉग काही सेकंद बंद राहील. राहू द्या.

आता तुमची साठवण नेमकी आहे कुठे ते बघा. के३एससोबत येणारी लोकल-पाथ ही साठवण म्हणजे त्या एका नोडच्या डिस्कवरचं साधं फोल्डर. पॉड त्या नोडला कायमचा बांधला जातो. तो नोड बंद पडला तर कुबरनेटीज डीफॉल्टने ३०० सेकंद वाट बघतं, मग पॉड दुसरीकडे हलवू पाहतं. पण फोल्डर तिकडे नसल्यामुळे नवा पॉड "पेंडिंग"मध्येच बसतो. तीन नोड असूनही ब्लॉग बंद, हे बघून लोक चक्रावतात. लाँगहॉर्नसारखी साठवण घेतली तर तोच डेटा अनेक नोडांवर लिहिला जातो, डीफॉल्ट तीन प्रती. मशीन मरण्यापासून ते खरंच वाचवतं. चुकून पुसण्यापासून वाचवत नाही, कारण पुसणंही तिन्ही प्रतींवर तितक्याच प्रामाणिकपणे पोचतं.

पुसण्याचं मला ठाऊक आहे. मी माझा ब्लॉग सुरुवातीला "चाचणी" नावाच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लस्टरमधल्या वेगळ्या कप्प्यात, उभा केला होता. चाचणी म्हणूनच. मग त्यात लिहायला लागले, लोक वाचायला लागले, आणि नाव बदलायचं राहून गेलं. सात-आठ महिन्यांनी एका संध्याकाळी क्लस्टर आवरायला बसले, यादीत "चाचणी" दिसलं आणि पुसलं. नेमस्पेस पुसली की तिच्यातली प्रत्येक वस्तू जाते, पीव्हीसीसकट. आणि गरजेनुसार आपोआप तयार झालेल्या व्हॉल्यूमचं, म्हणजे साठवणीच्या डिस्कचं, परतीचं धोरण मुळात डिलीट असतं, म्हणजे मागणी गेली की मागोमाग डिस्कही. आज्ञा संपायला वीसेक सेकंद लागली असतील. त्या वीस सेकंदांत मी पडद्याकडे बघत होते आणि काय होतंय ते मला कळत नव्हतं. बॅकअपचं काय झालं ते शेवटच्या उत्तरात सांगते, ते त्या पत्राशीच जुळतं.

तेव्हा आज दोन गोष्टी करा. व्हॉल्यूमचं धोरण रिटेन करा, म्हणजे मागणी पुसली तरी डिस्क मागे राहील. आणि नेमस्पेसला तिच्या खऱ्या कामाचं नाव द्या.

रेप्लिका १ च्या ३ केल्या तर ब्लॉग कधीच बंद पडणार नाही ना?

रेप्लिका म्हणजे एकाच पॉडच्या एकसारख्या प्रती. घोस्टच्या बाबतीत असं करू नका. एकाच संकेतस्थळासाठी घोस्टच्या अनेक प्रक्रिया एकत्र चालवणं घोस्टला मान्यच नाही, त्यांनी तसं कागदपत्रांत लिहिलेलं आहे. कारण समजून घेतलंत तर इतर सॉफ्टवेअरबद्दलही अंदाज येईल. घोस्टची प्रक्रिया बऱ्याच गोष्टी स्वतःच्या मेमरीत धरून ठेवते: सेटिंग, पत्त्यांची रचना, थीम. तुम्ही एका पॉडमधून सेटिंग बदललंत तर डेटाबेसमध्ये बदल होतो, पण बाकीच्या दोघांना ते कुणी सांगत नाही. वाचकाला एकदा नवं पान दिसतं, एकदा जुनं. ठरलेल्या वेळी लेख प्रसिद्ध करायचं कामही प्रक्रियेच्या आतच चालतं.

वाचक वाढले असतील तर पुढे कॅश, म्हणजे तयार पानांची साठवलेली प्रत, ठेवा. ब्लॉगची पानं सगळ्यांना सारखीच दिसतात, त्यामुळे कॅश खूप मोठा भार उचलते आणि मागचा पॉड अर्धा मिनिट नसला तरी बहुतेकांना कळतही नाही. ह्यूगोसारख्या साधनाने तयार केलेली स्थिर पानं असतील तर मात्र खुशाल तीन काय, पाच रेप्लिका करा. तिथे प्रत्येक पॉडकडे सगळं तेच असतं आणि कुणालाच काही लक्षात ठेवायचं नसतं.

ब्राउझर म्हणतो "खूप वेळा वळवलं गेलं". घोस्टची यूआरएल एचटीटीपीएस केली की हे सुरू होतं, एचटीटीपी केली की थांबतं. मग एचटीटीपीच ठेवू का?

ठेवू नका. तशी ठेवलीत तर पानांमधले दुवे आणि फोटोंचे पत्ते एचटीटीपीने तयार होतील आणि ब्राउझर तक्रार करेल.

होतंय ते असं. वाचकाचं एचटीटीपीएस इनग्रेसपाशी, म्हणजे क्लस्टरच्या प्रवेशद्वारापाशी, संपतं. तिथून पुढे घोस्टपर्यंत साधं एचटीटीपी जातं, घोस्टच्या २३६८ पोर्टवर. घोस्टला दिसतं की विनंती साधी आहे आणि आपल्याला तर एचटीटीपीएस हवंय, म्हणून तो वाचकाला परत पाठवतो. वाचक पुन्हा एचटीटीपीएसने येतो, इनग्रेस पुन्हा ते उतरवतं, घोस्ट पुन्हा परत पाठवतो. यातून सुटायला इनग्रेसने घोस्टला सांगायला हवं की मूळ विनंती सुरक्षितच होती. ते एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या हेडरमधून, म्हणजे विनंतीसोबतच्या टिपणातून, सांगितलं जातं. सहसा इनग्रेस ते स्वतःहून करतं.

तुमच्याकडे ते होत नाही, कारण तुम्ही लिहिलंय तसं इनग्रेसच्याही पुढे आणखी एक मध्यस्थ आहे. एचटीटीपीएस तो उतरवतो आणि तुमच्या इनग्रेसला साध्या एचटीटीपीने बोलतो. इनग्रेसला अनोळखी हेडरांवर विश्वास नसतो, म्हणून ते आधीचा हेडर पुसून स्वतःचा लिहितं: एचटीटीपी. दोन रस्ते आहेत. मध्यस्थ ते इनग्रेस हा टप्पाही एचटीटीपीएसवर न्या. मला हाच पटतो, कारण मधली वाट उघडी राहत नाही. किंवा ट्रॅफिक (Traefik) या के३एससोबत येणाऱ्या इनग्रेसला त्या मध्यस्थाचे आयपी पत्ते विश्वासू म्हणून सांगा.

हे दुरुस्त करताना सर्टिफिकेट पुन्हापुन्हा पुसून मागवू नका. त्याच नावांच्या संचासाठी लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी संस्था ७ दिवसांत ५ च सर्टिफिकेटं देते. सहाव्यांदा थांबावं लागतं, आणि ते नेमकं दुरुस्ती जमलेली असते तेव्हाच. चाचणीसाठी त्यांची स्टेजिंग व्यवस्था आहे, तोवर ती वापरा.

आणखी दोघांनी विचारलंय की इनग्रेस-एनजिनेक्सवर १ एमबीपेक्षा मोठा फोटो चढत नाही. तिथे विनंतीच्या आकाराची मुळातली मर्यादाच १ एमबी आहे. प्रॉक्सी-बॉडी-साइझ हे ॲनोटेशन (यामलमधली सूचना) लावून वाढवा. पण नव्याने सुरुवात करत असाल तर इनग्रेस-एनजिनेक्स निवडू नका. त्याची देखभाल मार्च २०२६ पर्यंतच, असं नोव्हेंबर २०२५ मध्येच जाहीर झालं होतं.

काहीही न करता सकाळी ब्लॉग बंद. पॉड क्रॅशलूपबॅकऑफमध्ये. लॉगमध्ये लिहिलंय की मायग्रेशनला कुलूप लागलंय. मी अपडेट केलंच नव्हतं!

केलंत, पण तुम्हाला न कळत. तुमच्या यामलमध्ये इमेजच्या नावापुढे "लेटेस्ट" आहे. लेटेस्ट लिहिलं की कुबरनेटीज पॉड सुरू होताना दर वेळी नवी इमेज आहे का ते विचारतं. रात्री काही कारणाने पॉड पुन्हा सुरू झाला, नवी आवृत्ती ओढली गेली, आणि नवी आवृत्ती आली की घोस्ट डेटाबेसची रचना बदलायला घेतो. त्याला मायग्रेशन म्हणतात. दोन प्रक्रियांनी एकदम बदल करू नयेत म्हणून तो आधी डेटाबेसमध्ये कुलूप लावतो.

आता तुमचा लाइव्हनेस प्रोब, म्हणजे कंटेनर जिवंत आहे का ते तपासणारी विचारणा, बघा. बाकी काही लिहिलेलं नाही, म्हणजे मुळातले आकडे लागू होतात: दर १० सेकंदांनी विचारणा, ३ वेळा उत्तर नाही तर कंटेनर मारायचा. मायग्रेशन चालू असताना घोस्ट उत्तर देत नव्हता. अर्ध्या मिनिटात क्युबलेटने ठरवलं की हा मेलाय, आणि मध्येच मारला. कुलूप लागलेलंच राहिलं. पुढचा कंटेनर आला, कुलूप बघून थांबला. मग दर खेपेला वाढत जाणारी विश्रांती, १० सेकंद, २०, ४०, अशी ५ मिनिटांपर्यंत. यालाच क्रॅशलूपबॅकऑफ म्हणतात.

कुलूप हाताने काढायचा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. लगेच काढू नका. मायएसक्यूएलमध्ये तक्त्याची रचना बदलणारी प्रत्येक आज्ञा तिथल्या तिथे पक्की होते, मागे घेता येत नाही. अर्धी मायग्रेशन झाली असेल तर काही तक्ते नव्या रूपात असतील, काही जुन्या. वरून कुलूप काढलंत तर घोस्ट पुन्हा पहिल्यापासून बदलायला जाईल आणि जे आधीच बदललंय तिथे अडेल.

आधी रेप्लिका ० करा, म्हणजे धडका थांबतील. आहे त्या स्थितीचा डेटाबेस डंप, म्हणजे पूर्ण डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत, घ्या, कितीही बिघडलेला असला तरी. मग कालच्या रात्रीचा डंप चढवा, ज्या आवृत्तीवर तो घेतलेला होता तोच आकडा इमेजपुढे लिहा, पूर्ण आकडा, आणि ब्लॉग उभा करा. तो चालला की श्वास घ्या. यानंतरच स्टार्टअप प्रोब जोडा: १० सेकंदांनी एक, अशा ३० संधी. म्हणजे सुरू व्हायला ५ मिनिटं मिळाली, आणि तोवर लाइव्हनेस प्रोब गप्प बसतो. मग स्वतः बसून, जागेपणी, अपडेट करा. मोठी आवृत्ती बदलायची असेल तर आधी हातातल्या मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीवर जा आणि मग पुढे. घोस्ट ५ पासून प्रत्यक्ष वापरासाठी मायएसक्यूएल ८ च चालतं, हेही जाण्याआधी तपासा.

पॉड बंद होताना मायएसक्यूएललाही सवड द्या. मुळातली मुदत ३० सेकंदांची असते. मी १२० ठेवली आहे.

जुन्या सर्व्हरवरचा डेटाबेस क्लस्टरमध्ये आणला. इंग्रजी नीट, पण सगळ्या मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. नऊ वर्षांचं लेखन आहे. गेलं का?

अजून ठरवू नका, आणि कृपा करून त्या तक्त्यांत काहीही जतन करू नका. जुना सर्व्हरही बंद करू नका.

प्रश्नचिन्हं दोन जागी तयार होऊ शकतात: साठवताना, किंवा फक्त दाखवताना. दुसऱ्यात काहीच बिघडलेलं नसतं. फरक ओळखायला डेटाबेसलाच विचारा. एका मराठी शीर्षकावर हेक्स हे फंक्शन चालवा आणि कच्चे बाइट बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि ते ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होतं. तसं दिसलं तर लेखन जसंच्या तसं आहे, फक्त जोडणीचा अक्षरसंच लॅटिन१ आहे, ज्यात देवनागरी नाही. तो यूटीएफ८एमबी४ करा आणि झालं. ३एफ ३एफ ३एफ दिसलं तर खरोखरची प्रश्नचिन्हं साठवली गेली आहेत. त्या प्रतीतून अक्षरं परत निघणार नाहीत, जुन्या सर्व्हरवरून नव्याने आणावं लागेल, या वेळी डंप घेताना आणि चढवताना दोन्हीकडे अक्षरसंच स्पष्ट सांगून. तिसरा प्रकार सी३ए० ने सुरू होणारा. त्यात पडद्यावर प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र परकी अक्षरं दिसतात. तिथे यूटीएफ-८ ला लॅटिन१ समजून पुन्हा एकदा यूटीएफ-८ केलं गेलेलं असतं. हे सोडवता येतं: मजकूर लॅटिन१ मध्ये बदला, त्याला नुसते बाइट माना, आणि मग यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचा. एका ओळीवर करून बघा, मग सगळ्यांवर.

मायएसक्यूएल ५.७ चा मुळातला अक्षरसंच लॅटिन१ होता, ८.० पासून यूटीएफ८एमबी४ झाला. जुन्या सर्व्हरवर कुणी काही ठरवलं नसेल तर हा घोळ तिथूनच आलेला असतो. आणि मायएसक्यूएलमधला जुना "यूटीएफ८" फक्त ३ बाइटपर्यंतच जातो. मराठी त्यात मावते, पण इमोजीला ४ लागतात. लेखात एक हसरा चेहरा आला की तिथे अडतं.

तुमच्या हेक्सचे आकडे कळवा. मी वाट बघते आहे.

सीक्रेटची यामल फाइल गिटमध्ये ठेवली तर चालेल? मजकूर तर वाचता न येणारा दिसतोय.

सीक्रेट म्हणजे कुबरनेटीजमध्ये पासवर्ड ठेवायची वस्तू. तिच्यातला मजकूर बेस६४ आहे. नुसती लिहिण्याची पद्धत बदललेली आहे, कुलूप काहीही नाही. एका आज्ञेत पासवर्ड उघडा होतो. फाइल काढा आणि पासवर्डही बदला, कारण गिट जुन्या आवृत्त्या जपतं, त्याच्या इतिहासात तो राहिलाच आहे.

माझी आई अकरा वर्षं लिहिते आहे. तिचं सगळं मी माझ्या क्लस्टरवर आणलं, तिला फार आनंद झाला. पण परवा ती सहज म्हणाली, "तू नसलास तर हे कोण बघणार?" मला उत्तर देता आलं नाही. ताई, काय सांगू तिला?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी माझी राहिलेली गोष्ट. "चाचणी" पुसली गेली तेव्हा मी घाबरले, पण पुरती नाही. रोज रात्री क्रॉनजॉबने, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने, डंप घेऊन दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय मी केलेली होती. यादीत रोजची फाइल होती, जॉब रोज यशस्वी दाखवत होता. शेवटची फाइल उघडली. २० बाइट. आदल्या दिवशीची, २० बाइट. अशा बेचाळीस फाइली. दीड महिन्यापूर्वी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि जॉबमधला बदलायला विसरले होते. मायएसक्यूएलडंपला आत प्रवेशच मिळत नव्हता. त्याच्या पुढे पाइप लावून, म्हणजे एकाचा मजकूर थेट दुसऱ्याला देत, जीझिप हे फाइल आवळणारं साधन जोडलेलं होतं. जीझिपने रिकाम्या मजकुराची नीट गाठोडी बांधली, ती २० बाइटांची होते, आणि आपलं काम यशस्वी झाल्याचं कळवलं. पाइपमध्ये शेवटच्याचाच निकाल धरला जातो. दीड महिन्यातले सहा लेख गेले. दोन कच्च्या खर्ड्यांवरून पुन्हा लिहिले, ते पहिल्यासारखे झाले नाहीत.

म्हणून तुमच्या आईसाठी. डंपच्या स्क्रिप्टमध्ये पाइपफेल लावा, म्हणजे मधलं अपयशही कळेल, आणि सिंगल-ट्रँझॅक्शनने डंप घ्या, म्हणजे ती लिहीत असतानाही प्रत सुसंगत राहील. फाइलीचा आकार कालच्यापेक्षा एकदम घटला तर तुम्हाला निरोप यावा. कंटेंट फोल्डरची प्रत डेटाबेसच्याच रात्री घ्या. दोन्ही क्लस्टरच्या बाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आणि तीन महिन्यांतून एकदा एका कोऱ्या नेमस्पेसमध्ये ब्लॉग त्या प्रतींवरून उभा करून आईचा कुठलाही एक जुना लेख, फोटोसकट, उघडून बघा. मी हे करते. अर्धा तास लागतो.

पण हे सगळं तुम्ही असेपर्यंतचं झालं. आईचा प्रश्न तुम्ही नसतानाचा आहे, आणि त्याला क्लस्टरमध्ये उत्तर नाही. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. क्लस्टरमधला सर्टिफिकेट सांभाळणारा सर्ट-मॅनेजर ते संपायच्या ३० दिवस आधी नवं घेतो; तो थांबला तर कुणाला कळणारही नाही, कारण मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केलंय. डोमेनचं नूतनीकरण राहिलं तर पत्ताच जातो.

तेव्हा क्लस्टरची गरज न लागणारी एक प्रत तयार करा. डब्ल्यूगेट या पानं उतरवणाऱ्या साधनाने पूर्ण ब्लॉगची साधी एचटीएमएल पानं उतरवून घ्या, फोटोंसकट, आतले दुवे त्या फोल्डरातल्याच फाइलींकडे वळवून. ती कुठल्याही ब्राउझरमध्ये, कुठल्याही सर्व्हरशिवाय उघडतात. घोस्टमधून जेसॉनचा एक्स्पोर्टही घ्या. त्यात लेख येतात, फोटो येत नाहीत आणि सदस्यांची यादी वेगळी सीएसव्हीत काढावी लागते, एवढं लक्षात ठेवा. ही सगळी एका पेनड्राइव्हवर, दर सहा महिन्यांनी ताजी करून, आईच्या हातात द्या. डोमेन तिच्या नावावर करा आणि तिच्याच ईमेलवर सूचना येऊ द्या.

मग एका कागदावर, क्लस्टर हा शब्दही न वापरता, चार ओळी लिहा: डोमेन कुठे घेतलंय, कधी नवं करायचं, प्रती कुठे आहेत, आणि यातलं काही अडलं तर कुणाला विचारायचं. तो कागद तिला वाचून दाखवा. ती जिथे अडेल ती ओळ खोडा आणि पुन्हा लिहा. एका दुपारी तिला शेजारी बसवून तो पेनड्राइव्ह तिच्याच हातांनी तिच्या संगणकाला लावायला सांगा, आणि तिचा पहिला लेख तिला स्वतः उघडू द्या.